माशांच्या घरात हात घालताना

दोस्तांनो, रविवारची सकाळ आहे. पोहे खाऊन झालेत, टीव्ही लावायला हात शिवशिवतायत, आणि आईने तिसऱ्यांदा आठवण करून दिलीय, "अरे, त्या फिशटँकची काच बघ जरा! मासे आहेत की गेले, तेसुद्धा कळत नाही."

खरंच कळत नाही. काचेवर हिरव्या शेवाळाचा पडदा आलाय. तळाच्या रंगीत खड्यांवर माशांची घाण साचलीय, न खाल्लेले दाणे कुजतायत. ते प्लॅस्टिकचं झाड तर ओळखूच येत नाही. मग तुम्ही काय करता? बाही दंडापर्यंत वर सारता, आणि हात थेट पाण्यात! एका हातात जुना टूथब्रश, दुसऱ्या हाताने दगड उचलायचा, खडे उकरायचे, फिल्टर ओढून काढायचा. या धांदलीत फिल्टरमागच्या कोपऱ्यात बोटाला काहीतरी लागतं. एवढंसं खरचटतं. हात पाण्यात असल्यामुळे ते झोंबतही नाही. टाकी चकाचक होते, मासे दिसायला लागतात, आई खूश. बोटाचं तुम्ही संध्याकाळपर्यंत विसरूनसुद्धा जाता.

आता आपण कॅलेंडर तीन आठवडे पुढे नेऊ या.

बोटाच्या त्याच पेरावर मुगाच्या डाळीएवढी एक लालसर पुळी उठलीय. फारशी दुखत नाही. आजी म्हणते, "उष्णतेची असेल, चंदन उगाळून लाव." बाबा कपाटातल्या डब्यातून कुठलंतरी मलम शोधून काढतात. पुळी काही बसत नाही. आणखी पंधरा दिवसांनी ती वाटाण्याएवढी होते, जांभळट दिसायला लागते. कधी फुटते, खपली धरते, पुन्हा ओली होते. कुणाकुणाला तर बोटापासून कोपराच्या दिशेने एका ओळीत आणखी दोन-चार गाठी येतात, हातावर कुणी मणी ओवून ठेवावेत तशा. मग स्वारी निघते डॉक्टरांकडे. डॉक्टर विचारतात, "काही चावलं होतं का? काटाबिटा टोचला होता?" तुम्ही आठवून आठवून सांगता, "नाही हो डॉक्टरकाका."

तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्हाला फिशटँक आठवतच नाही! आठवणार तरी कसा? त्याला आता दीड महिना होऊन गेलाय.

घाबरलात? घाबरू नका. हा रोग क्वचितच होतो. घरोघरी फिशटँक आहेत आणि बहुतेकांचे हात अगदी ठणठणीत आहेत. शिवाय तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, आणि औषधाने बरा होतो. पण बरा व्हायला महिनेच्या महिने लागतात. तीन-चार महिने रोज प्रतिजैविकांच्या गोळ्या! कधीकधी त्याहूनही जास्त. आणि हे सगळं कशामुळे, तर रबरी हातमोजे घालायचा आळस केला म्हणून.

हा लबाड जंतू आहे तरी कोण, ते आता पाहू.

फिलाडेल्फियाचे मासे

सन १९२६. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातलं मत्स्यालय. तिथल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांमधले मासे मेले होते. जोसेफ अॅरोन्सन नावाच्या शास्त्रज्ञांनी ते मासे तपासले, तेव्हा त्यांना एक वेगळाच जीवाणू सापडला. काडीसारखा लांबट, आणि क्षयरोगाच्या जंतूचा सख्खा नाही तरी चुलतभाऊ शोभेल असा. क्षयरोगाचा जंतू तर तुम्हाला माहीत असेलच. १८८२ साली २४ मार्चला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये त्याचा शोध जाहीर केला. म्हणून तर २४ मार्च हा क्षयरोग दिन पाळतात. माशांमधल्या या चुलतभावाचं नाव पडलं 'मायकोबॅक्टेरियम मरिनम'. मरिनम म्हणजे समुद्राचा. नाव समुद्राचं असलं तरी हा पठ्ठ्या गोड्या पाण्यातही मजेत राहतो, बरं का! तुमच्या गप्पी आणि गोल्डफिशच्या पाण्यातसुद्धा.

त्या वेळी सगळ्यांना वाटलं, हा माशांचा रोग आहे, माणसाला त्याचं काय?

मग आलं १९५१ साल. स्वीडनमधल्या अरेब्रू गावच्या पोहण्याच्या तलावात जाणाऱ्या मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर चिवट फोड यायला लागले. काही केल्या ते बरे होईनात. तिथल्या दोन संशोधकांनी त्या फोडांमधून एक जंतू वेगळा काढला. त्यांना तो नवाच वाटला. त्यांनी त्याचं बारसंही केलं, 'बाल्नेई', म्हणजे न्हाणीघरातला. पुढे कळलं की हा तर फिलाडेल्फियाचाच जुना पाहुणा! तलावाच्या खरबरीत भिंतीला कोपर घासायचं, आणि तेवढ्या खरचटण्यातून हा आत शिरायचा. पोहण्याच्या तलावात व्यवस्थित क्लोरीन घालायला लागल्यावर हा प्रकार पुष्कळच कमी झाला.

पण जंतू हुशार. एक दार बंद झालं, तर त्याने दुसरं शोधलं. १९६२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी लिहिलं, की हे फोड फिशटँकमध्ये हात खरचटल्यामुळेही येतात. बरोबरच आहे! फिशटँकमध्ये क्लोरीन घालून कसं चालेल? मासेच मरतील की! त्यामुळे हा रोग तलावातून निघाला आणि दिवाणखान्यात आला. डॉक्टरांच्या पुस्तकात आज त्याचं नावच 'फिशटँक ग्रॅन्युलोमा' असं आहे. ग्रॅन्युलोमा म्हणजे जंतूंना घेरण्यासाठी शरीरातल्या पेशींनी एकत्र येऊन केलेली गाठ.

आता एक प्रश्न तुम्हाला पडला पाहिजे. हा जर क्षयाचा भाऊबंद, तर तो आपल्या फुप्फुसात का जात नाही? हाताच्या कातडीतच का अडून बसतो?

उत्तर आहे तापमानात. आपल्या शरीराच्या आत ३७ अंश सेल्सिअसची ऊब असते. मासे मात्र आपल्या भोवतीच्या पाण्याइतकेच गार किंवा गरम असतात. माशांच्या अंगात वाढायची सवय असलेल्या या जंतूला ३० ते ३३ अंश फार मानवतात. ३७ म्हणजे त्याला वैशाखवणवाच! तिथे तो नीट वाढत नाही. आपली बोटं, मनगटं, कोपरं, गुडघे हे भाग पोटापेक्षा, छातीपेक्षा थंड असतात. म्हणून त्याचा मुक्काम तिथेच. (अगदी क्वचित, अंगातली प्रतिकारशक्ती फारच कमी झालेली असेल तर तो खोलवर जाऊ शकतो. सांध्यापर्यंत पोचला तर बोट आखडतं.)

आणि याच तापमानामुळे एक मोठी पंचाईत होते. ती आईबाबांनी जरूर वाचावी.

डॉक्टर त्या गाठीचा छोटासा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतात. प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे म्हणजे सहसा ३७ अंशांना वाढवायचे, कारण माणसाचे बहुतेक जंतू त्याच उबेत वाढतात. पण आपला हा पाहुणा ३७ अंशांना धड वाढतच नाही! मग निकाल येतो, 'काही सापडलं नाही.' तोच तुकडा ३० अंशांना ठेवला आणि काही आठवडे धीर धरला, की जंतू दिसतो. पण तो ३० अंशांना ठेवा, असं प्रयोगशाळेला सांगणार कोण? डॉक्टर. आणि डॉक्टरांना कसं सुचणार? तुम्ही "आमच्या घरी फिशटँक आहे आणि ती मी साफ करतो" किंवा "करते" असं सांगितलंत तर! या एका वाक्यावाचून माणसं महिनोन् महिने चुकीची मलमं चोळत बसतात.

एक छोटंसं विषयांतर

रागवू नका, पण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ज्या जंतूच्या भीतीने आपण हातमोजे घालणार आहोत, त्याच जंतूने क्षयरोगाच्या संशोधनात मोठी मदत केलीय. आणि त्याला साथ दिलीय एका आपल्याकडच्या माशाने.

तुमच्या टाकीत झेब्रा मासे असतील. निळ्या पट्ट्यांचे, क्षणभर एका जागी न थांबणारे, बोटाच्या दोन पेरांएवढे. हा मासा मूळचा आपल्याच भागातला, गंगेच्या खोऱ्यातला. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात याची नोंद आहे. या माशाची पिल्लं काचेसारखी आरपार दिसतात. डॉ. ललिता रामकृष्णन यांनी हे बरोबर हेरलं. त्या बडोद्याला डॉक्टरी शिकल्या आणि पुढे अमेरिकेत व इंग्लंडमध्ये केंब्रिजला त्यांनी संशोधन केलं. (२००९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे वेंकटरामन रामकृष्णन हे त्यांचे भाऊ.) क्षयाचा जंतू धोक्याचा, शिवाय फुप्फुसाच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून त्यांनी मरिनम हा चुलतभाऊ घेतला, तो झेब्राच्या पारदर्शक पिल्लांमध्ये सोडला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली चक्क जिवंत लढाई पाहिली. शरीराच्या रक्षक पेशी जंतूंना गिळतात, जमाव करतात, गाठ बांधतात. ही गाठ म्हणजे जंतूंना कोंडणारी भिंत, असं पूर्वी समजत. त्यांच्या प्रयोगांत दिसलं की सुरुवातीच्या काळात जंतू त्याच गाठीचा फायदा घेऊन पसरतात! म्हणजे पोलिसांनी चोराला घेरावं आणि चोराने पोलिसांचेच कपडे घालून निसटावं, असला प्रकार.

तर असा हा जंतू. आता परत आपल्या टाकीकडे येऊ.

मोजा नेमका कुणासाठी?

रबरी हातमोज्यांचा जन्मही मोठा गमतीचा आहे. १८८९-९० च्या सुमाराला अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड नावाचे शल्यविशारद होते. त्यांच्या शस्त्रक्रियागृहात कॅरोलिन हॅम्प्टन या मुख्य परिचारिका होत्या. त्या काळी जंतू मारण्यासाठी पाऱ्याच्या एका जहाल क्षाराचं पाणी वापरत. त्या पाण्याने कॅरोलिनबाईंचे हात सोलवटून निघाले. त्या काम सोडून जातील की काय, अशी वेळ आली. तेव्हा हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबराचे हातमोजे करवून घेतले. हात बरे झाले, बाई टिकल्या, आणि १८९० मध्ये त्या दोघांचं लग्नही झालं! पण खरी मेख पुढे आहे. मोजे आणले होते कॅरोलिनबाईंच्या हातांसाठी. काही वर्षांनी लक्षात आलं की शस्त्रक्रिया करणारे सगळेच मोजे घालायला लागल्यापासून रोग्यांच्या जखमाही कमी चिघळतायत. मोजा दोन्हीकडून राखण करत होता.

फिशटँकच्या बाबतीत अगदी तस्संच आहे. मोजा जसा तुमच्या हातासाठी, तसाच तो माशांसाठीही.

विचार करा ना. आपल्या हाताला काय काय लागलेलं असतं? साबण, खोबरेल तेल, क्रीम, डास पळवायचं मलम, पोह्यांवरच्या लिंबाचा रस. माशाला नाकातोंडात पाणी जाण्याची भीती नसते, कारण तो पाण्यातच श्वास घेतो. पण म्हणूनच पाण्यात जे मिसळेल ते थेट त्याच्या कल्ल्यांवरून जातं. आमच्या लहानपणी आम्ही भावंडांनी एकदा मोठ्या उत्साहाने टाकी कपडे धुवायच्या पावडरने घासली होती. वरून दोनदा पाणी ओतून 'झाली स्वच्छ' म्हटलं आणि मासे सोडले. संध्याकाळी शाळेतून येऊन पाहतो तो पाचही मासे वर तरंगत होते. त्या दिवशी घरात कुणी ओरडलं नाही. तेच जास्त लागलं.

म्हणून फिशटँकला साबण, पावडर, फिनेल यातलं काही लावायचं नाही. भांडी घासायची घासणीही नाही. तिच्यात साबण मुरलेला असतो.

मोजे कुठले घ्यायचे?

औषधाच्या दुकानात मिळतात ते पातळ, एकदा वापरून टाकायचे मोजे या कामाला पुरत नाहीत. ते मनगटापर्यंतच येतात, आणि टाकीत हात घातला की पाणी वरून आत शिरतं. मग मोज्यात आपलं बोट टाकीच्याच पाण्यात भिजत बसतं. म्हणजे मोजा घालून न घातल्यासारखाच! निदान कोपरापर्यंत येतील असे जाड रबरी मोजे घ्या. भांडी घासण्यासाठी मिळतात त्यातले लांब चालतात, मात्र त्यावर 'जंतुनाशक' लिहिलेले किंवा वासाचे नकोत. माशांच्या दुकानात खांद्यापर्यंत येणारेही मोजे काही ठिकाणी मिळतात. उंच टाकी असेल तर तेच बरे. रबराने हाताला खाज सुटत असेल, पुरळ येत असेल, तर नायट्राइलचे मोजे मागा. आणि माप बघून घ्या हो! बाबांचे मोजे घालून बारा वर्षांच्या मुलाने दगड उचलला तर तो निसटून काचेवर आपटणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

नवे मोजे आत-बाहेर साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, कारण त्यांना पांढरी भुकटी लावलेली असते. मग परीक्षा घ्या. मोज्यात फुगा फुगवावा तशी हवा कोंडून तोंड पिळून धरा आणि तो बादलीतल्या पाण्यात बुडवा. बुडबुडे आले? मोजा नापास! ही परीक्षा दर वेळी घ्यायची, कारण छिद्र डोळ्यांना दिसत नाही. आणि हे मोजे फक्त फिशटँकचे. भांड्यांचे वेगळे, संडास-बाथरूमचे वेगळे. आईला तोंडी सांगून भागणार नाही, मोज्यावर मार्करने ठळक 'मासे' असं लिहून ठेवा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. रबरी मोजा म्हणजे चिलखत नव्हे. काचेच्या धारदार कडेने तो फाटतो, माशाचा काटा त्यातून आरपार जातो. मासळीबाजारातल्या कोळीणमावशींना विचारा, शिंगाळ्याचा काटा काय चीज असते ते! टाकीत तळाशी फिरणाऱ्या मिशीवाल्या माशांच्या परांनाही असे काटे असतात. म्हणून मासा हातात धरायचा नाहीच, जाळी वापरायची. मेलेला मासासुद्धा जाळीनेच काढायचा. वरच्या झाकणाची काच, धारदार शिंपले, टोकदार दगड, तुटलेली शोभेची खेळणी, हे कोपरे आधी शोधून ठेवा. शिंपला फारच धारदार असेल तर तो टाकीतून काढलेलाच बरा. माशांनाही तो लागतोच की.

ज्यांच्याकडे समुद्राच्या पाण्याची टाकी आहे, त्या मोठ्या मंडळींनी आणखी जपायला हवं. दगडांवर बटणांसारखे दिसणारे काही मऊ जीव असतात. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. तिथे मोज्यांबरोबर डोळ्यांना चष्माही हवा. तो दगड उकळत्या पाण्याने कधीच धुवायचा नाही, कारण वाफेबरोबर ते विष नाकात जातं. मुलांनी त्या टाकीत हात घालायचाच नाही.

चला, लागा कामाला

आता तोच रविवार पुन्हा सुरू करू. या वेळी जरा शहाणपणाने.

हाताला कुठे चिरलंय का, नखाजवळ सालपट निघालंय का, ते आधी बघा. असेल तर आजची सुट्टी. मोजे आहेत म्हणून उघडी जखम घेऊन जायचं नाही, काम ताईला किंवा बाबांना द्या. घरात पाच वर्षांच्या आतलं भावंडं असेल तर त्याने लांबून बघायचं. आजोबांना प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर त्यांनीही हे काम करू नये.

दुसरं, वीज. हीटर, पंप, फिल्टर, दिवा, सगळ्यांची बटणं बंद करून पिना सॉकेटमधून बाहेर. हे मोठ्या माणसाकडून करून घ्यायचं, कोरड्या हाताने. रबरी मोजे घातलेत म्हणून वीज लागणार नाही, असल्या भ्रमात राहू नका. ओल्या आणि भोक पडलेल्या मोज्याचा काही भरवसा नाही. हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबा, मगच पाणी काढा. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर त्याची काच तडकते. आणि एक युक्ती: वायर सॉकेटकडे जाण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी खालच्या टोकावरून टपकून जातं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

आता पाणी. टाकी उचलायची नाही! दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात जवळजवळ ५६ लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ५६ किलो! पाणी नळीने काढायचं. आणि इथे बहुतेक घरांत काय करतात, ठाऊक आहे ना? नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, आणि ओढ जोरात! शंभरात एकदा तरी ते पाणी घशात जातंच. मोजे घालून हात वाचवायचे आणि पाणी मात्र प्यायचं? त्यापेक्षा असं करा. नळी पूर्ण टाकीत बुडवा. आतली हवा बुडबुड करत निघून जाऊ द्या. मग एका टोकावर मोज्यातला अंगठा घट्ट दाबा, ते टोक बाहेर काढून टाकीपेक्षा खाली ठेवलेल्या बादलीत न्या आणि अंगठा सोडा. दुसरं टोक पाण्यातच राहिलं पाहिजे. धार आपोआप सुरू होते. विज्ञानाच्या पुस्तकातला सायफन तो हाच.

सगळं पाणी काढू नका. एक चतुर्थांश पुरे. आपल्या टाकीचं १४ लिटर, म्हणजे एक बादली. सगळे खडे काढून गरम पाण्याने धुवायचाही हट्ट नको. कारण सगळेच जीवाणू काही वाईट नसतात. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो त्यांना विषासारखा. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे जीवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, जे बरंच निरुपद्रवी असतं. तो स्पंज नळाखाली खळखळून धुतलात तर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने हे बिचारे कामकरी मरतात. स्पंज काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दाबून पिळा. नवं पाणी क्लोरीन घालवणारे थेंब टाकून मगच भरा. बादलीतलं जुनं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका, तिथे आपण भाज्या धुतो. ते कुंड्यांना घाला. नायट्रेट म्हणजे झाडांचा खाऊ.

काच आतून घासताना खालून वर, हळूहळू. झाडं नीट रोवा, फिल्टर बसवा, आणि हात कोरडे केल्यावरच कुणीतरी पिना लावा.

मोजे काढायचेही एक तंत्र आहे. हातात असतानाच ते नळाखाली बाहेरून धुवा. मग मनगटाकडून उलटे करत काढा, म्हणजे बाहेरची ओली बाजू कातडीला लागत नाही. त्यानंतर कोपरापर्यंत साबणाने हात धुवा. हो, मोजे घातले होते तरीही!

आणि एवढं सगळं करून खरचटलंच तर? काम तिथेच सोडा. जखम वाहत्या नळाखाली साबणाने चांगली धुवा, आणि कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलने एक छोटासा मासा काढून ठेवा. हसू नका. पुळी आली तर दोन-चार आठवड्यांत येते, कधीकधी दोन-तीन महिन्यांनीही येते, आणि तोवर तुमच्या डोक्यात सहामाहीचा अभ्यास नाहीतर दिवाळीचा किल्ला असतो. कॅलेंडरवरचा मासा मात्र काही विसरत नाही. त्या जागी न बसणारी गाठ दिसली तर घरच्या घरी फोडू नका, मलम बदलत बसू नका. सरळ डॉक्टरांकडे जा आणि खुर्चीत बसल्या बसल्या सांगा, "डॉक्टरकाका, आमच्याकडे फिशटँक आहे. अमुक तारखेला मला तिच्यात लागलं होतं."

आता ते मोजे आत-बाहेर करून गॅलरीतल्या दोरीवर सावलीत वाळत टाका. उन्हात रबर कडक होतं. दोन चिमटे वेगळे ठेवलेत ना त्यांच्यासाठी?